कथलाच्या सात गाड्या आणि एक गोळा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गाड्या पुसायचं. खंडेनवमीचा आदला दिवस होता. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला थरथर, म्हणून अकरा वर्षांत पहिल्यांदा मी बायकोला म्हणलं, "घे, तू पूस." तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि कामाला लागली. जुनं लुगडं फाडून चिंध्या केल्या, परातीत पाणी घेतलं, देवाच्या चांदीला लावायची बारीक रांगोळी वाटीत काढली. मी कपाटातून एकेक गाडी आणून द्यायचो, ती घासून, पुसून उन्हात ठेवायची. सात गाड्या झाल्या. आठवा गोळा. तो तिनं मला न सांगता आधीच पुसून ठेवला होता.

गाड्या म्हणजे खऱ्या नव्हेत. कथलाच्या. वीत-दीड वीत लांब, हातात घेतली की मनगट खाली जावं इतक्या जड मोटारसायकली. कुठंतरी परदेशात हातानं घडवलेल्या. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली दोन आकडे कोरलेले असतात. किती काढल्या त्याचा एक आणि ही त्यातली कितवी त्याचा एक. तेवढ्या ओतून झाल्या की साचा फोडून टाकतात. परत ती गाडी होत नाही. मला हे कुणी सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त आवडलं ते साचा फोडणं.

"आमच्याकडं सात गाड्या आहेत," बायको शेजारणीला सांगायची, "एकीलाही पेट्रोल लागत नाही. आणि एकीवरही मला अजून बसवलं नाही."

मी चौथी शिकलोय. बाप कल्हईवाला होता. खांद्यावर भाता टाकून नाशकातल्या गल्ल्या फिरायचा. बायका तांब्यापितळेची भांडी आणून टाकायच्या, बाप जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायचा, मी भाता मारायचो. भांडं लाल तापलं की नवसागर, मग कथलाची कांडी, मग चिंधीनं फिरवायचं. चिंधी फिरवायला उशीर झाला की बापाची सांडशी माझ्या पाठीत बसायची. तापलेली असली तरी बसायची. पाठीवर दोन डाग अजून आहेत. बाप मारायचा म्हणून पुढं मी मारायला शिकलो. ही सबब म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

बापानं दोन गोष्टी शिकवल्या त्या मात्र खऱ्या कामाच्या. एक म्हणजे कथील घेताना कांडी कानाशी धरून वाकवायची. खरं कथील असेल तर आतून करकरतं. आमच्यात म्हणायचे, कथील रडतं. शिसं रडत नाही. दुसरी गोष्ट, कथील थंडीत पडू द्यायचं नाही. त्याला रोग लागतो. अंगावर पांढरट भुकटी सुटते आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, जसा आंब्याच्या अढीत एक नासका आंबा. भुकटी दिसली की ती कांडी लगेच बाजूला काढायची आणि त्याच दिवशी वितळवायची, बाकीचं वाचवायचं. बापाच्या बापानं म्हणे एका थंडीत अख्खी पेटी अशी गमावली होती. मी स्वतः हा रोग कधी पाहिला नाही. पण आमच्या घरात हे देवाच्या नियमासारखं होतं.

आई लवकर गेली. माझं लग्न झालं तेव्हा धाकला भाऊ चार वर्षांचा होता. बायको उंबरा ओलांडून आत आली ती आधी त्याचं नाक पुसायला बसली. आम्हाला मूल झालं नाही. तिला तो होता. त्याला तिनं न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, शाळेतून काढल्यावर माझ्या हाताखाली दिलं. त्याला मारायला मी हात उचलला की ती मधे यायची, आणि बऱ्याच वेळा तो हात तिलाच लागायचा.

स्टीलची भांडी आली आणि कल्हई मेली. मी नाशकातल्याच द्वारका चौकात रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुंबई-आग्रा रोडवर ट्रक काय कमी होते? फुटलेल्या रेडिएटरला डाग द्यायचा, म्हणजे भोक बुजवायचं, तेही कथलाचंच काम. द्वारकेला दुकान चालवायचं तर हातात जोर आणि तोंडात शिव्या लागतात. मी दोन्हीत पक्का होतो. ड्रायव्हरांशी मारामाऱ्या झाल्या, माझे दोन दात गेले, दुसऱ्यांचे किती गेले ते मोजले नाहीत. मला मोटारसायकल घ्यायची होती. पण एक दिवस ट्रकखाली असताना जॅक सटकला आणि उजव्या नडगीचा चुरा झाला. पाय राहिला, पण किक मारायचा राहिला नाही. ट्रकच्या मालकाला मी तशा अवस्थेत पाना फेकून मारला होता. लागला नाही.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी सातपूरच्या एका कारखान्यातले साहेब गाडीचा रेडिएटर घेऊन आले. नव्वदच्या थोडं पुढचं साल असेल. जाताना त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. कथलाची मोटारसायकल. हँडल मोडलेलं.

"हे जोडता येईल का हो? मुंबईत सगळ्यांनी नाही सांगितलं."

मी मोडका तुकडा कानाशी धरून किंचित वाकवला. रडला. माझ्या अंगावर काटा आला. बाप गेल्यापासून कुणी कथील मला असं कानाशी धरायला दिलं नव्हतं.

"कथील आहे," मी म्हणलं.

"प्यूटर म्हणतात याला. थोडे दुसरे धातूही असतात त्यात."

"म्हणू द्या. रडतं ते कथीलच."

तापलेली डागणी, डाग द्यायचं लोखंड, लावली असती तर सगळी गाडी मेणासारखी बसली असती. मी ती ओल्या वाळूत पुरली, फक्त मोडलेली जागा उघडी ठेवली, आणि तापवलेल्या तारेच्या टोकानं दोन दिवस टिपून टिपून जोडली. साहेबांनी भिंग काढून पाहिलं, सांधा सापडला नाही. त्यांच्याकडं अशा पंधरा-वीस होत्या. दुसऱ्या वेळी येताना त्यांनी चाकं निखळलेली एक आणली. म्हणाले, "ही दुरुस्त झाली तर तुमचीच."

ती माझी पहिली. मग डोक्यात वेड शिरलं. देवळालीत एका म्हाताऱ्या फौजी माणसानं घर आवरताना एक दिली. ओळखीच्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून पाच शोधून आणल्या, त्यात एक लांब दांड्याच्या हँडलची, एक पार मोडलेली, ती मी उभी केली. दुकानात फळीवर मांडायचो. एका ड्रायव्हरनं एकदा एक उचलून खेळण्यासारखी जमिनीवर पळवली. मी त्याचं डोकं शटरवर आपटलं. तेव्हापासून गाड्या घरी, काचेच्या कपाटात.

सगळ्यात भारी गाडी मिळाली दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराकडं. त्याच्या फवारणीच्या यंत्राची टाकी गळत होती. डाग देऊन घरात पाणी प्यायला गेलो तर टीव्हीवर ठेवलेली कथलाची मोटारसायकल, आणि तिच्या बाजूला जोडलेला बसायचा डबा, डब्याला स्वतःचं चाक. त्याच्या मेव्हण्यानं बाहेरून आणलेली. बागायतदार म्हणाला, काय घेणार? मी म्हणलं, ती. तो हसला. त्याला ती धूळ खाणारी वस्तू वाटत होती. सातपूरच्या साहेबांनी ती पाहिली आणि खाली बसले. "मी ही दहा वर्षं शोधतोय," म्हणाले. "माझ्याकडच्या दोन देतो. तीन देतो." मी नाही म्हणलं. त्या दिवशी मला पाय असल्यासारखं वाटलं.

बायकोला बाकीच्यांचं काही नव्हतं, पण डब्याच्या गाडीवर जीव होता. "ही बरी," म्हणायची, "मी डब्यात बसेन. तुम्ही चालवा. किक बसली नाही तर उतरून ढकलीन." धाकला म्हणायचा, "वहिनी, दादा तुला डब्यात घालून विसरून जाईल." ती म्हणायची, "मग तू हायेस ना शोधायला."

आता वाईट सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी थंडी फार पडली. दिंडोरीकडं लोक द्राक्षाच्या बागांत पहाटे शेकोट्या करत होते, धुरानं बाग वाचावी म्हणून. मला तिकडं दोन यंत्रांचं काम होतं. मी सकाळी लवकर गेलो आणि दुपारी परत आलो. दुकानाच्या भट्टीशी धाकला बसला होता. पंचवीस वर्षांचा बाप्या झाला होता तेव्हा. हातात लोखंडी पळी. पळीत कथील वितळलेलं, वर तवंग, आणि त्यातून एक छोटं चाक वर आलेलं. डब्याचं चाक.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. शाबासकी मिळेल असं तोंड होतं त्याचं.

"दादा, बरं झालं सकाळी घरी कपाटात वेळेवर दिसलं. हिला रोग लागला होता. चाकाच्या तारांत सगळी पांढरी भुकटी. बाकीच्यांना लागायच्या आधी काढली. बाकीच्या वाचल्या बघ."

तो चोरटा नव्हता, आळशी नव्हता. बापाचा नियम त्यानं मनापासून पाळला होता. मला हे त्याच क्षणी समजलं. तरी मी केलं ते केलं. डागणी भट्टीत लाल होती. मी त्याचा उजवा हात मनगटात धरला, दगडावर दाबला आणि डागणी तळहातावर ठेवली. ठेवली आणि उचलली नाही. तो आधी ओरडलाच नाही, त्याला कळलंच नाही. मग ओरडला. रस्त्यावरचे लोक थांबले. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिनं हातातला डबा टाकला आणि रेडिएटर बुडवायची पाण्याची बादली भट्टीवर ओतली. वाफ उसळली ती माझ्या तोंडावर आली. तिनं डागणी धरून खेचली, दांडा नाही, लोखंड धरलं. तिचीही बोटं भाजली. मी मागं पडलो. ती त्याचा हात बादलीतल्या उरलेल्या पाण्यात धरून बसली आणि माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "ती भुकटी रोगाची नव्हती. माझ्या रांगोळीची होती. दिवाळीला मी पुसल्या, तारांत बसली ती निघाली नाही. चूक माझी हाय. मारायचं तर मला मारा."

मी म्हणलं, "त्याला वाचवायला खोटं बोलतेस."

"देवाशपथ."

मी तिच्या मुस्काटात मारली. भाजलेली बोटं तिनं पदरात धरली होती. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आता गाड्यांना मी हात लावणार नाही." आणि लावला नाही.

पुढं साहेबांकडून कळलं की या गाड्यांच्या धातूला तसला रोग लागतच नाही, आपल्या नाशकाच्या थंडीत तर मुळीच नाही. म्हणजे भुकटी दुसऱ्याच कशाची तरी होती. हे कळूनही मी तिला तू खरं बोललीस असं म्हणलं नाही. म्हणलं असतं तर मग धाकल्याच्या त्या हाताचं काय करायचं होतं?

पळीतलं कथील थंड झालं त्याचा गोळा झाला. त्यातून ते चाक तसंच बाहेर राहिलं. मी तो कपाटात आठवा म्हणून ठेवला. कुणी विचारलं की सांगायचो, हे माझ्या भावाचं काम. बायको गाड्यांना हात लावत नव्हती, पण गोळा तीच पुसायची. खंडेनवमीला मी गाड्यांना हळदकुंकू लावायचो, ती आधी गोळ्याला लावायची, मग स्वयंपाकाला जायची.

धाकल्याचा तळहात भरला पण आक्रसला. बोटं आत वळली ती वळलीच. डाग द्यायचं काम गेलं. त्यानं द्वारकेच्या कोपऱ्यावर फुलांचं दुकान मांडलं, दुकान म्हणजे गोणपाट. शेतकऱ्यांकडून झेंडू घ्यायचा, डाव्या हातानं आणि दातांनी हार ओवायचा. माझं दुकान पन्नास पावलांवर. मी येता-जाता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायचो. त्याला घरात पाऊल टाकू द्यायचं नाही असं मी सांगितलं होतं. अकरा वर्षं बायको एकच गोष्ट मागायची, साडी नाही, दागिना नाही.

"धाकल्याला एकदा जेवायला बोलवा."

"नाही."

"तुम्ही बोलवा. मी बोलवल्यानं तो येत नाही. दादानं बोलवलं तर येईन म्हणतो."

"मग बसू दे तिकडंच."

दर दसऱ्याला घरात झेंडू यायचा. कुणाकडून यायचा ते मला माहीत होतं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फुलं मात्र मी घालायचो, गाड्यांना.

तर त्या सकाळी गाड्या उन्हात वाळल्या. मी मोतीबिंदूचे डोळे जवळ नेऊन एकेक बघत होतो. लांब दांड्याच्या गाडीच्या मागच्या चाकाशी थांबलो. तारांच्या खाचेत पांढरं. बोट लावलं. भुकटी. सुकल्यावर वर आलेली, अगदी रोग लागल्यासारखी.

बायको परातीतलं पाणी ढवळत बसली होती. वर न बघता म्हणाली, "दिसलं का?"

मी बोटावरची भुकटी पुसली.

"असंच होतं तेव्हा," ती म्हणाली. "मी मुद्दाम नाही ठेवली. तेव्हाही नाही, आताही नाही. ती राहतेच तिथं. चिंधी पोचत नाही."

मला वाटतं त्या वेळी दोन शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. मी उठलो आणि परातीला लाथ मारली, दुखऱ्या पायानं. परात भिंतीवर जाऊन आदळली, पांढरं पाणी ओटाभर झालं. पाय असा कळवळला की मला तिथंच बसावं लागलं. तिनं परात उचलली, पालथी ठेवली. पदर खोचला.

"उद्या खंडेनवमी. मी फुलं आणायला चालले. धाकल्याला जेवायला सांगून येते."

"गेलीस तर तिकडंच राहा."

तिनं चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "भात टाकलाय. खाली लागला तर उतरवा." आणि गेली.

भात खाली लागला. मी उतरवला नाही. ओट्यावरच बसून होतो.

दुपारच्या आधी शेजारचा रिक्षावाला पळत आला. "काका, द्वारकेला चला. काकूंना ट्रकनं..." मी त्याच्या रिक्षात बसलो.

दसऱ्याची गर्दी होती. चौकात झेंडूचे ढीग, माणसं, ट्रॅक्टर. ट्रक मागं घेताना तिला धक्का लागला आणि चाक गेलं. कंबरेवरून गेलं. मी आयुष्यभर ट्रकच्या चाकांशी बसून काम केलं, ट्रकखाली माझ्या स्वतःच्या पायाचा चुरा झालेला, तरी मला ते बघवलं नाही. लोक ड्रायव्हरला मारत होते. तो फुटपाथवर हात डोक्यावर घेऊन बसला होता, कानातून रक्त येत होतं. मला वाट करून दिली त्यांनी. म्हणाले, "काका, तुम्हीच मारा याला." माझ्या हातात कुणीतरी लोखंडी टॉमी, चाक खोलायचा दांडा, दिली.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं हात काढून तोंड वर केलं, मारा म्हणून. मी वळलो, ट्रकपुढं गेलो, जाळी वाकवली आणि टॉमी रेडिएटरमध्ये घातली. घातली, काढली, घातली. नळ्या फुटल्या, उकळतं पाणी अंगावर आलं, मी थांबलो नाही. माझ्याच हातचा एक जुना डाग होता त्यावर, मला ओळखू आला. तो पण फोडला. कुणीतरी मागून धरलं तेव्हा पाणी रस्त्याला लागून झेंडूच्या पाकळ्या घेऊन गटाराकडं चाललं होतं.

मग मी तिच्याकडं गेलो. धाकला रस्त्यावर मांडी घालून बसला होता, तिचं डोकं मांडीवर. तो वाकडा हात तिच्या कपाळावर ठेवलेला. त्याला तो उघडता येत नाही, म्हणून मुठीची उलटी बाजू. ती गेलेली होती. पिशवीतली फुलं तशीच भरलेली.

अकरा वर्षांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"दादा, वहिनी सांगून गेली, उद्या जेवायला ये. म्हणाली, तुझ्या दादानं बोलवलंय."

मी उभा राहिलो. ती खोटं बोलली होती. अकरा वर्षांपूर्वी मी तिला खोटारडी म्हणून मारलं तेव्हा ती खरं बोलली होती, आणि आता एकदाच खोटं बोलली, तेही माझं नाव चांगलं दिसावं म्हणून.

संध्याकाळी गोदेकाठी सगळं झालं. धाकल्यानं तिरडी डाव्या खांद्यावर धरली. अग्नी मी दिला. परत निघताना तो थोडा मागं चालत होता. वळणाशी थांबून त्यानं विचारलं, "उद्या येऊ का मग?" मी मान खाली घालून चालत राहिलो. तो थोडा वेळ थांबला आणि त्याच्या खोलीकडं वळला. त्याला वाटलं असेल, नाही.

सकाळी उजाडल्यावर मी उठलो. ओट्यावर पालथी परात तशीच होती आणि रांगोळीचं पाणी सुकून ओटा पांढरा झालेला. सगळीकडं गाड्या, रिक्षा धुण्याचे आवाज, लोक खंडेनवमीच्या तयारीत. आमच्याकडं सुतक. गाड्या रात्रभर ओट्यावरच राहिल्या होत्या, त्यातली लांब दांड्याची मी उचलली, कपाटातून गोळा काढला, दोन्ही पिशवीत घातले आणि धाकल्याच्या खोलीवर गेलो. मला दारात बघून तो उठून भिंतीशी उभा राहिला. भिंतीशी, कारण माझ्या हातात काहीतरी जड आहे हे त्याला दिसलं. हे मी लिहून ठेवतो, कारण हे मी कमावलेलं आहे.

मी गाडी काढून त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं ती उजेडाकडं धरली. मागच्या चाकाशी त्याची नजर थांबली.

"दादा," तो हळू म्हणाला, "हिलाही रोग..."

"रोग नाही. रांगोळी आहे. काल तुझ्या वहिनीनं पुसली. तेव्हाही तीच होती. ती मला त्याच दिवशी बोलली होती."

तो गाडीकडं बघत राहिला. मग कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडून तारांतली भुकटी काढायला लागला, आमच्या बापानं शिकवलं होतं तसं, टोकानं. मी त्याचा हात धरला. उजवा. अकरा वर्षांनी.

"राहू दे ती," मी म्हणलं. "जेवायला चल. मी बोलवलंय."

सुतकात चूल पेटवत नाहीत. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. घरी येऊन मी पिशवीतच राहिलेला गोळा परत कपाटात ठेवला, ती परात धुतली आणि तिच्यात दोघांचं वाढलं. धाकला बसला, पण हात घालेना. मला वाटलं राग असेल. मग कळलं, त्याच्या उजव्या हातानं घास होत नाही आणि दादासमोर डाव्या हातानं खायचं त्याच्या जिवावर येत होतं. अकरा वर्षं तो एकटा कसा जेवला असेल, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं.

मी माझा उजवा हात पाठीमागं घेतला आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. पिठलं लावलं, तोंडात घातलं. थोडं सांडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्यानंही डावा हात परातीत घातला.